निरोप्याला काय लागतं

मुंगीच्या आत्याला कोणी काही विचारलेलं आवडायचं नाही, आणि न विचारल्यामुळे काही राहून गेलं तर तेही आवडायचं नाही. चहा हवा का म्हणून विचारावं, तर "मी मागितला का?" आणि विचारू नये, तर संध्याकाळपर्यंत कोरड्या घशाने बसून राहायची आणि मग कोणाला माझी पर्वाच नाही म्हणायची. अशा बाईशी जमवून घ्यायचं तर माणूस मनकवडा हवा. मुंगी प्रोग्रॅमर होती. त्या धंद्यात मन ओळखायची सवय लागत नाही, कारण दिवसभर ज्याच्याशी गाठ असते त्याला मनच नसतं.

मुंगी हे नावही आत्यानेच ठेवलेलं. लहानपणी ही पोरगी अंगाने एवढीशी आणि सारखं काहीतरी ओढून इकडचं तिकडे करत असायची. आता तिशी उलटली, डोक्यात दोन-चार पांढरे केस आले, तरी नाव काही सुटलं नाही. एकदा आत्याने ऑफिसात फोन करून "आमची मुंगी आहे का?" असं विचारलं आणि त्या दिवसापासून ऑफिसातही तेच सुरू झालं.

आत्या बाहुल्यांचे खेळ करायची. एका जुन्या छापखान्याच्या मागच्या खोलीत तिचं थिएटर होतं. घडीच्या खुर्च्या, काळा पडदा, आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेल्या पन्नासेक बाहुल्या. खेळात मदतनीस कोणी नाही. राजाही तीच, चोरही तीच आणि चोरामागे भुंकणारं कुत्रंही तीच. मागच्या वर्षी दिवा बसवताना ती शिडीवरून पडली आणि डाव्या हाताचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात कसा आहे म्हणून विचारलं की "हात हातासारखा आहे" असं उत्तर यायचं. पुढे विचारायची कोणाची छाती नव्हती. मधल्या काळात खोली ती दुसऱ्या कलाकारांना वापरायला देत होती.

आज संध्याकाळी सहाला, वर्षाने पहिल्यांदा, तिचा स्वतःचा खेळ होता. आणि सकाळीच तिने मुंगीला फोनवर ऐकवलं होतं, "रिकाम्या खुर्च्यांपुढे मी हात वर करणार नाही. आज कोणी आलं नाही तर बाहुल्या पेटीत आणि पेटीला कुलूप. कायमचं." आत्याचं बोलणं हवेतलं नसायचं. सिगारेट सोडते म्हणाली होती तेव्हा हातातली अर्धी टाकली होती. तरी मुंगी म्हणाली की काळजी करू नकोस, आमंत्रणं सगळ्यांना गेलीत.

गेली होती का? "गेली," असं काका म्हणाला होता.

काका म्हणजे ऑफिसातला मुंगीचा एकुलता एक सहकारी. वय तिच्याएवढंच, पण अकाली टक्कल आणि बारा महिने स्वेटर, म्हणून काका. स्वभावाने लोणी. नाही हा शब्द त्याच्या तोंडून कोणी ऐकलेला नव्हता. गिऱ्हाईक म्हणालं की उद्यापर्यंत होईल ना, की हा म्हणणार हो. मग मुंगी पुढचे चार दिवस त्या हो-ची भरपाई करत बसायची. तरी तिचा त्याच्यावर जीव होता, कारण तिने कितीही चिडचिड केली तरी तो त्यालाही हो म्हणायचा.

दुपारी जेवून वर चढताना तिला जिन्यात खालच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर भेटले. हे आत्याचे जुने चाहते, एकही खेळ न चुकवणारे. त्यांनी हसून विचारलं की आत्याबाई पुन्हा खेळ कधी सुरू करणार, आम्ही वाट बघतोय.

"आज," मुंगी म्हणाली. "तुम्हाला निरोप नाही आला?"

डॉक्टरांनी फोन काढून पाहिला आणि मान हलवली. उरलेला जिना मुंगीने धावतच संपवला.

कॉम्प्युटरवर सगळं ठीक दिसत होतं. आठवड्यापूर्वीची तारीख, पुढे हिरवी खूण, 'निरोप पाठवले.' त्यावर टिचकी मारून किती जणांना पाठवले ते तिने उघडलं. शून्य. पाठवण्याचं काम अगदी व्यवस्थित पार पडलं होतं, फक्त ते कोणालाही पाठवलं नव्हतं.

"काका, हे तू बघितलं नव्हतंस?"

"हिरवं होतं ना," काका म्हणाला.

आता इथे थोडं मुंगीच्या धंद्याबद्दल सांगायला हवं, घाबरू नका, थोडंच. थिएटरचा प्रोग्रॅम मुंगीने आत्यासाठी लिहिला होता. त्यात आधी फक्त आत्याचा बाहुल्या शिकवायचा वर्ग होता आणि वर्गातल्या मुलांच्या घरी निरोप जायचे. पुढे प्रयोगांची आमंत्रणं आली, मग प्रेक्षक विसरून गेलेल्या वस्तूंची नोंद आली. निरोप सगळीकडेच लागणार. एकच काम तीनदा कोण लिहीत बसेल? म्हणून मुंगीने ते वर्गातून कापून वेगळं काढलं आणि त्याचा ट्रेट केला. ट्रेट म्हणजे कोडचा असा तुकडा की ज्याला ते काम हवंय त्याने तो आपल्यात घालून घ्यायचा. अंगात घातला की काम आलं. ह्या ट्रेटला तिने नाव दिलं 'निरोप्या'. मजकूर लिहिणं, फोनवर पाठवणं, पाठवल्याची खूण करणं, सगळं निरोप्या करणार. त्याला स्वतःला एकच गोष्ट माहीत नसायची, ती म्हणजे निरोप कोणाला द्यायचा. ते ज्याच्या अंगात तो शिरेल त्याने सांगायचं. त्यासाठी 'कोणाला' नावाची एक मेथड, म्हणजे हाक मारली की उत्तर देणारा छोटा तुकडा, त्या प्रत्येकाकडे असायला हवी. वर्गाकडे ती होतीच, कारण निरोप्या जन्मला त्याच घरात.

पण ती लागते हे निरोप्यात कुठे लिहिलेलं होतं? कुठेच नाही. मुंगीच्या डोक्यात होतं. काकाने प्रयोगांच्या भागात निरोप्या घालायच्या आधी तिला विचारलंही होतं की आणखी काही करावं लागेल का. तेव्हा ती फोनवर होती आणि हाताने घाल घाल अशी खूण करून मोकळी झाली होती. तिला ते आत्ता आठवलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

"पण मग प्रोग्रॅम कोसळायला हवा होता," ती म्हणाली. "नसलेली मेथड बोलावली की लगेच बोंब व्हायला पाहिजे. इथे कोणीच कसं ओरडलं नाही?"

काका स्वेटरची बाही ओढायला लागला. मुंगीने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला होयबा आठवला.

होयबा काकाची कल्पना. गिऱ्हाइकासमोर प्रोग्रॅम पडला की काकाला रात्री झोप यायची नाही. म्हणून प्रोग्रॅमच्या सगळ्या भागांच्या मुळाशी असलेल्या कोडमध्ये त्याने एक सोय करून ठेवली होती. कोणी नसलेल्या मेथडला हाक मारली की ती हाक होयबाकडे जाणार, आणि तो शांतपणे रिकामी यादी परत देणार. निरोप्या प्रयोगाला विचारत होता, कोणाला सांगू? प्रयोगाकडे उत्तरच नव्हतं, म्हणून होयबा मध्ये पडून रिकामे हात दाखवत होता. निरोप्याही मोठा आज्ञाधारक. रिकाम्या यादीतल्या प्रत्येकाला त्याने निरोप दिला आणि हिरवी खूण केली. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं.

काकाचा चेहरा इतका पडला की मुंगीला रागावताही येईना. शिवाय चूक निम्मी तिची होती. निम्मी कसली, पाऊण. तिने खुर्ची पुढे ओढली आणि निरोप्याच्या डोक्यावरच एक ओळ लिहिली. 'कोणाला', ॲब्स्ट्रॅक्ट. म्हणजे ही मेथड माझ्यात नाही, पण जो कोणी मला अंगात घेईल त्याने ती द्यायलाच हवी. द्यायची नसेल तर मला हात लावू नका. असं आधीच बजावलं की होयबाला मध्ये तोंड घालायला जागाच उरत नाही.

प्रोग्रॅम चालू केला तर क्षणात स्क्रीनभर लाल झालं. प्रयोगाने 'कोणाला' दिलेलं नाही, मी पुढे जाणार नाही. इतकी स्पष्ट तक्रार वाचून मुंगीला बरं वाटलं. तिने प्रयोगाला त्याची मेथड लिहून दिली, आजवरच्या प्रेक्षकांचे फोन नंबर त्यात आणले, पुन्हा चालवलं. पुन्हा लाल. ह्या वेळी 'सापडलेल्या वस्तू' अडून बसल्या होत्या.

"तिथेही मीच घातला होता," काका खालच्या आवाजात म्हणाला.

आत्या गेलं वर्षभर कुरकुरत होती की लोकांना वस्तूंची किंमत राहिली नाही, छत्र्या टाकून जातात आणि कोणी न्यायला येत नाही, कपाटाचं दार लागत नाही आता. मुंगी प्रत्येक वेळी हं हं करत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

वस्तूंचं काम तिने काकावर सोपवलं. वस्तू कुठल्या खुर्चीवर सापडली त्याची नोंद होती, खुर्चीवरून तिकीट कळत होतं आणि तिकिटावरून माणूस. "पण ह्या वेळी काही अडलं तर विचार," ती म्हणाली, "आणि मी फोनवर असले तर फोन हिसकावून घे." काकाने हो म्हटलं. त्याची मेथड बसली, लाल गेलं, आणि आमंत्रणं सुटली. खरीखुरी, माणसांना.

उत्तरंही आली. अरे वा, आत्या परत आल्या, पण आज जमणार नाही. आधी कळवायचं ना. आजच? आम्ही बाहेरगावी आहोत. पुढच्या वेळी नक्की. एकेक उत्तर वाचताना मुंगीचा धीर खचत गेला. चार वाजता पाठवलेल्या आमंत्रणावर सहाला कोण येणार? तिने काकाला मागून यायला सांगितलं आणि ती थिएटरकडे निघाली.

खोलीत दिवे लागले होते. खुर्च्या आत्याने स्वतःच मांडल्या होत्या, उजव्या हाताने एकेक करत, हे त्यांच्या वाकड्या रांगांवरून दिसत होतं. पहिल्या रांगेत दाताचे डॉक्टर बायकोला घेऊन बसलेले. मागे आणखी दोघं. पडद्याच्या फटीतून आत्याचा डोळा दिसला आणि नाहीसा झाला.

मुंगी आत गेली. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. तिने सरळ सांगितलं की आमंत्रणं गेलीच नव्हती, आज दुपारी गेली, चूक माझी. आत्या ओरडेल असं तिला वाटलं होतं. आत्याने फक्त मांडीवरच्या बाहुलीचं लुगडं नीट केलं आणि म्हणाली, "बरं झालं. उगीच कशाला लोकांना त्रास." आवाज असा की ओरडली असती तर परवडलं असतं. मुंगीला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी हेही जाणवलं की आत्याला कुठेतरी सुटल्यासारखं झालंय. ते का, हे काही तिला कळेना.

तेवढ्यात बाहेर बाईमाणसाचा आवाज आला. रेनकोट घातलेल्या एक बाई दारात उभ्या राहून विचारत होत्या की माझी छत्री इथे आहे असा आत्ता निरोप आला, कुठे मिळेल? त्यांच्यामागे एक उंच गृहस्थ चष्म्यासाठी आले होते. त्यांच्यामागे आजोबा, नातीचा हात धरून, नातीच्या एका बुटासाठी. एका पायात बूट घालून ही पोर त्या दिवशी घरी कशी गेली असेल हे विचारण्याइतकी फुरसत कोणाला नव्हती, कारण मागे रांग लागली होती.

मुंगीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सापडलेल्या वस्तूंचे निरोप रोज पाच वाजता आपोआप सुटायचे. वर्षभर ते रिकाम्या यादीला जात होते. आज पहिल्यांदा निरोप्याला 'कोणाला' कळलं होतं आणि त्याने वर्षभराच्या छत्र्या, मफलर, चष्मे एका दमात सांगून टाकले होते. चांगल्या कलेसाठी दोन तास आधीच्या आमंत्रणावर कोणी घर सोडत नाही. स्वतःच्या छत्रीसाठी मात्र माणूस ताटावरून उठून येतो.

तोवर काका पोचला होता आणि त्याने मागचं कपाट उघडलं होतं. गर्दी त्याच्याभोवती. ही माझी का? हो. ह्याला मूठ होती ना? हो. इथे आज काही आहे का? हो. तिकीट नाही काढलं, बसलं तर चालेल? हो. मुलाला पण? हो हो. जन्मभर भलत्या ठिकाणी खर्च केलेले त्याचे होकार आज एकदाचे कामाला आले. बघता बघता खुर्च्या भरल्या आणि मांडीवर छत्र्या घेऊन लोक पडद्याकडे बघायला लागले.

सहा वाजून गेले. पडदा काही हलेना.

मुंगी पुन्हा आत गेली. आत्या स्टुलावर तशीच बसली होती. मांडीवर म्हातारीची बाहुली, आत्याच्या सगळ्या खेळांतली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात खट्याळ. तिला दोन्ही हातांनी चालवावं लागतं. उजव्याने डोकं, डाव्याने हात.

"भरलं सगळं," मुंगी म्हणाली. "चल."

आत्याने डावा हात उचलून तिच्यापुढे धरला आणि मनगट फिरवायचा प्रयत्न केला. ते अर्ध्यात थांबलं. तिने पुन्हा केला, पुन्हा तिथेच. मग हात पदराखाली घेतला. वर्षभर झाकली मूठ सव्वा लाखाची करून ही बाई बसली होती.

"आधी का नाही सांगितलंस?"

"सांगायचं काय त्यात? तुला कळायला नको?"

मुंगीला हसू आलं. आत्या चमकून बघायला लागली, तशी ती खाली फरशीवर तिच्यासमोर बसली. काकाच्या बाबतीत तिनेही हेच तर केलं होतं. मनात ठेवायचं, सांगायचं नाही, आणि समोरचा चुकला की कपाळाला हात लावायचा.

"नाही कळत, आत्या," ती म्हणाली. "मला खरंच नाही कळत. तू म्हणशील ते मी करीन, पण तुला काय लागतं ते तूच सांगायचं. नाहीतर मी बाहेर जाऊन हिरवी खूण करून बसेन आणि तू इथे."

हिरवी खूण म्हणजे काय हे आत्याला माहीत असायचं कारण नव्हतं. बाहेर कोणाचं तरी मूल खुर्चीची घडी उघडमीट करत होतं. आत्याच्या नाकपुड्या हलल्या, ओठ दोनदा उघडून मिटले. इतकी वर्षं न केलेली गोष्ट करायला तिला जड जात होतं, आणि मुंगीचा जीव तिच्यासाठी कासावीस झाला.

"डावा हात लागतो," आत्या शेवटी म्हणाली.

"हा घे," म्हणून मुंगीने आपला पुढे केला.

मग जे झालं त्याला सफाईदार कोणी म्हणणार नाही. डोकं आत्याचं, हात मुंगीचा. म्हातारी देवदूतासारखं गोड बोलायला लागली की तिचा हात भलतीकडेच जायचा. एकदा तर तिने बोलता बोलता स्वतःच्याच नाकात बोट घातलं. आत्या क्षणभर थबकली आणि म्हातारीच्या आवाजात म्हणाली, "ह्या हाताला वळण नाही लागलं हो अजून, नवीन आहे." खोली हसून हसून गडाबडा लोळायची राहिली. पडद्यामागे आत्या कुजबुजत होती, वर घे, थांब, आता मार त्या चोराला, जोरात. प्रत्येक गोष्ट सांगत होती. सांगताना तिचा चेहरा घामाने चमकत होता आणि इतकी खूश झालेली आत्या मुंगीने वर्षभरात पाहिली नव्हती.

खेळ संपला, टाळ्या झाल्या, बूटवाली नात म्हातारीचा हात बघायला आत आली आणि त्या हाताशी शेकहँड करून गेली. डॉक्टर डोळे पुसत गेले. खोली रिकामी झाली तेव्हा काका दिवे मालवायला रांगांमधून फिरला आणि मध्येच उभा राहिला.

"मुंगे," तो म्हणाला, "हे बघ."

खुर्च्यांच्या पाठीला, पायाशी, बैठकीवर छत्र्या. निम्म्या लोकांनी न्यायला आलेली छत्री पुन्हा इथेच विसरली होती. रेनकोटवाल्या बाईंची तर रेनकोटासकट. मुंगीला हसू आवरेना. ती म्हणाली की हरकत नाही, उद्या पाच वाजता निरोप्या सगळ्यांना कळवेल.

आत्या पडद्यामागून बाहेर आली. तिने एक छत्री उचलली, उघडून पाहिली, मिटली आणि रांगांवरून नजर फिरवली.

"उद्या नको पाठवूस," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी पाठव. शनिवारी खेळ आहे." छत्री तिने कपाटात ठेवली आणि दार ढकललं. ते ह्या वेळी व्यवस्थित लागलं. मग वळून म्हणाली, "मला तुझा डावा हात लागेल. आणि तालमीला बुधवारी ये. आणि आत्ता मला चहा हवाय."

काका तोवर "हो" म्हणून किटली शोधायला गेलाही होता.